माशीच्या नाचाचं शूटिंग

मी लग्नाचं शूटिंग करतो. नागपूरच्या इंदोऱ्यात खाली स्टुडिओ आणि वरच्या माळ्यावर घर. लग्न, बारसं, रिटायरमेंट, नगरसेवकाचा वाढदिवस, जे येईल ते करतो. नवरीच्या मावश्या, नवरदेवाचे टुल्ल झालेले दोस्त, ऐन वेळेवर गायब होणारे जनरेटरवाले, सगळ्यायले तोंड देऊन बसलो आहे. पण मागच्या माघात यमुताईनं माझ्या डोक्याचा जो भुगा केला, तो एकाही मावशीले जमला नाही बाप्पा.

यमुताई म्हणजे खाप्याच्या अलीकडच्या एका गावची बाई. तिच्या पोरीचं, प्रीतीचं, लग्न मी शूट केलं होतं. दुसऱ्या कोणाची ओळख तेवढ्यावर संपली असती. यमुताई व्हिडिओ घ्यायले स्टुडिओत आली ती अख्खी दुपार बसली. सगळं पाहिल्याशिवाय हलायले तयार नाही.

"इथी पंगतीत माया मावसभाऊ होता. थो कुठी गेला?"

"कापला ताई. जेवताना कोणी चांगलं दिसत नाही."

"काहून कापला? थो जेवला नाही का?"

आता याले काय उत्तर आहे? मावसभाऊ परत घातला. हळदीची गाणी कापली होती, ती परत घातली. तिच्या नवऱ्याचं, गोविंदाभाऊचं, मात्र काहीच कापलेलं नव्हतं, कारण कापायले काही नव्हतंच. पोरीच्या बापाचे दोन आशीर्वादाचे शब्द घ्यायची आमची पद्धत आहे. मी माईक समोर धरला तर त्या माणसानं माईककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि भात पुरते का ते पाहायले निघून गेला. यमुताई म्हणाली, "त्यायचं तसंच आहे. आमच्या घरात मी दोघांचं बोलतो."

खरं होतं ते. पोरगी सासरी गेल्यावर घरात बोलायले कोणी उरलं नाही म्हणून या बाईनं मधमाश्या पाळल्या. कुठलंसं प्रशिक्षण घेतलं, लाकडाच्या दोन पेट्या आणल्या, सातेरी माशीच्या, आणि दोनाच्या चार, चाराच्या आठ करत घरामागं पेट्यांची रांग लावली. गोविंदाभाऊ मजुरीले जातात, कोणाच्या ना कोणाच्या संत्र्याच्या बगीच्यात. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी येते. दिवसभर ही माश्यांसोबत बोलते. त्यायले माश्या म्हणत नाही, पोट्ट्या म्हणते, पोरीच जशा. "माया पोट्ट्या आज कडूलिंबावर गेल्या होत्या," "माया पोट्ट्या आज रुसून राहिल्या." मध विकायले एसटीनं नागपूरले आली की आमच्याकडं चहाले येणार, आणि माझ्या बायकोले तिच्याच स्वयंपाकघरात वांग्याची भाजी कशी करायची ते शिकवून जाणार.

तर एक दिवस तिचा फोन आला. ती स्वतः रामरामवाली, पण मले पहिले जय भीम म्हणते, मग भांडते. त्या दिवशी जय भीमही म्हणाली नाही.

"भाऊ, माया पोट्ट्या मरून राहिल्या गा."

संत्र्याले आंबिया बहार फुटला होता. आसपास सगळे बगीचेच. कोणीतरी ऐन फुलावर, ऐन सकाळी औषध मारत होतं, आणि फुलावर गेलेल्या माश्या पेटीच्या तोंडाशी येऊन, जीभ बाहेर काढून, गरगरा फिरून मरत होत्या. कोण मारते म्हणून ही गावभर विचारत फिरली. जो तो कानावर हात ठेवते. शेजारच्या रुपरावचा बगीचा सगळ्यात जवळ, म्हणून हिनं त्याच्याच नावानं बोटं मोडली. त्यानं पोराबाळांची शपथ घेतली तरी ऐकलं नाही. त्याच्या बायकोच्या, सिंधूताईच्या, हळदीकुंकवालेही गेली नाही. गावात हळदीकुंकवाले न जाणं म्हणजे काय ते बायकायलेच विचारा.

मग नागपूरच्या एका कॉलेजातल्या दीप्ती मॅडम तिले भेटल्या. या मॅडमचा अभ्यास म्हणजे माशीचा नाच. मी चेष्टा करून नाही राहिलो. फुलं सापडलेली माशी घरी येऊन पोळ्यावर नाचते, आणि त्या नाचातून बाकीच्या माश्यायले फुलं कुठं आहेत ते कळते. तो नाच नीट रेकॉर्ड केला, मोजला, की माश्या कोणत्या बगीच्यात जातात ते नकाशावर दाखवता येते. म्हणजे औषध मारणारा सापडला. मॅडमचा कॅमेरा नेमका दुरुस्तीले गेला होता. यमुताई म्हणाली, कॅमेऱ्याची काय गोष्ट करता, आमचा घरचाच माणूस आहे. घरचा माणूस म्हणजे मी. मले विचारलं कोणी? कोणीच नाही.

पहिल्या दिवशी गेलो तर गोठ्यात काळे पडदे लावून ठेवलेले. मधोमध काचेची एक उभी पेटी, तिच्यात एकच पोळं, आणि काचेसमोर गवंड्याचा ओळंबा टांगलेला. मॅडम समजावून सांगू लागल्या.

"दादा, ती बघा, पाठ हलवत सरळ जातेय ना? मग वळसा घेऊन परत जागेवर येते, परत सरळ, मग दुसऱ्या बाजूनं वळसा. ती सरळ रेष महत्त्वाची. रेष सरळ वर गेली तर फुलं सूर्याच्या दिशेला. ओळंब्यापासून जितकी तिरकी, तितकी सूर्यापासून बाजूला. आणि पाठ जितका वेळ हलवेल, तितकी फुलं लांब. त्यामुळे वेळ अगदी अचूक हवी."

मी हो हो म्हणलं. आमच्या धंद्यात सगळेच समजावून सांगतात. नवरदेवाचा काकाही सांगते, कॅमेरा कुठं ठेवायचा ते. आपण मान हलवायची आणि आपल्याले चांगलं दिसते ते करायचं.

पण असली नवरी मी जन्मात पाहिली नाही हो. लाईट लावू नका म्हणे, लावायचा तर लाल लावा. आता लाल लाईटमध्ये काय माती दिसते? फोकस करावा तर ही बाई सरकली. दुसरीकडं कॅमेरा न्यावा तर तिथं चाळीस वऱ्हाडी तिच्या मागं मागं. लग्नात निदान ओरडता येते, "अजी काका, कॅमेऱ्यासमोरून सरका." माशीले काय म्हणाल? त्यात पडद्याच्या फटीतून एक बाहेर आली आणि माझ्या कानाले डसली. कान पुरीसारखा फुगला. यमुताई काय म्हणाली असंल? "तूच अत्तर लावून आला असशीन." अत्तर नव्हतं लावलं. दाढीनंतरचं होतं थे.

तरी काम मी झकास केलं, हे आजही सांगतो. नाच म्हणजे स्लो मोशन. वरमालेले, वरातीच्या नाचाले आमची तीच पद्धत. कॅमेरा तसाच लावलेला असते, वेगळा विचार करावा लागत नाही. पंख असे दिसत होते बाप्पा, की मी स्वतः पाहत राहिलो. मग घरी येऊन एडिट केलं. एक माशी तेच ते तीस तीस वेळा करते. कोण पाहते तीस वेळा? चांगल्या दोन दोन फेऱ्या ठेवल्या, बाकी कापल्या. कुठं अजून हळू केलं, कुठं जरा जोरात. खाली बासरी टाकली. दुसऱ्या दिवशी कामठीले एक साखरपुडा होता, म्हणून कार्ड साफ केलं आणि पेन ड्राइव्ह मॅडमले देऊन टाकला.

मॅडमनं ते घेतलं, मोजलं, नकाशा काढला. आणि त्या अन् यमुताई, दोघी स्कूटीवर निघाल्या. मी साखरपुड्याचं काम आटोपून संध्याकाळी गावात पोचलो, तर यमुताई ओट्यावर बसलेली. लुगड्याचा काठ काळाकुट्ट, पाय काळे, तोंडावरही एक पट्टा.

"या भाऊ," म्हणाली. "एक सांगा मले. माया पोट्ट्या कोळसा खातात का गा?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणते! तुया व्हिडिओनं आमाले सावनेरच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर नेलं. तिथी एक फूल दाखव मले. एक!"

मॅडम आतून लॅपटॉप घेऊन आल्या. चेहरा असा, की परीक्षेत पेपर कोरा निघाला. "दादा, मी बासरीचा आवाज बंद करून मोजलं. पण पंखांची फडफड मोजता येतेय हो. ती डोळ्यांना मोजता यायलाच नको. तुम्ही हे हळू केलंय का?"

"नाच आहे ना मॅडम."

"किती पट हळू?"

"कुठं चार, कुठं आठ. जिथं जसं चांगलं दिसलं तसं."

"आणि बाकीच्या फेऱ्या?"

"एकसारख्याच होत्या. कापल्या."

"एकसारख्याच पाहिजेत दादा! त्यांची सरासरी काढायची असते! मूळ फाइल द्या मला."

"मूळ फाइल कुठून देऊ? कार्डावर आता साखरपुडा आहे."

मॅडम भिंतीले टेकून खालीच बसल्या. यमुताई म्हणाली, "माया मावसभावाले बी यानं असंच कापलं होतं."

मी भडकलो. म्हणलं, आधी सांगायचं ना. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं. म्हणलं, माशी सरळ जाते ते सांगितलं, कॅमेरा कसा ठेवायचा ते कुठं सांगितलं? वेळ अचूक म्हणाले होते, सेटिंग म्हणाले होते का? सेटिंग हा माझा विषय आहे, माशी तुमचा. अशी आमची जुंपलेली, आणि यमुताई मधूनच उठून गेली. तिच्यासारखी बाई चालू भांडण सोडून गेली, तेव्हाच काहीतरी बिघडलं हे कळायले पाहिजे होतं.

घरामागं गेलो तर ती एका पेटीसमोर उकिडवी बसली होती. ही तिची सगळ्यात जुनी पेटी, पहिल्या दोनांतली, जिच्यापासून बाकीच्या झाल्या. जमिनीवर मेलेल्या माश्यांचा सडा, आणि काही अजून पाय हलवत होत्या. ती त्या हातानं गोळा करून सुपात ठेवून राहिली होती. टाकायले नव्हे. नुसती ठेवून राहिली होती.

"थे पाय हलवते थे पाहा," म्हणाली. "घरी याले निघाली अन् दारात पडली."

मी म्हणलं, "किती पेट्या राहिल्या ताई?"

"दोन. अन् थे काचेची. थे गेल्या की संपलं माह्यं. मंग मी या घरात कोणाशी बोलू, सांग तू मले."

मले इतका संताप आला की काय सांगू. मॅडमवर आला, त्या कोळशावर आला, रुपराववर आला, आणि त्या माश्यायवरही आला की इतका सुंदर नाच करता तर जरा सरळ भाषेत का नाही सांगत. दुसऱ्या दिवसाचं एक बारसं मी पुतण्याच्या गळ्यात मारलं आणि तिथंच राहिलो.

मग जे शूटिंग केलं तसं बेकार शूटिंग मी आयुष्यात केलं नसंल. कॅमेरा ओळंब्याशी समांतर. स्पीड साधा. झूम नाही, कट नाही, काही नाही. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत एक काच, एक पोळं आणि गर्दी. हे जर कोण्या वरबापाले दाखवलं असतं तर त्यानं मले मांडवातून हाकलून देलं असतं. मॅडम मात्र खुश. "वा दादा, असंच, अगदी असंच." यमुताई बाजूले बसून कॉमेंट्री करून राहिली होती. "थे पाहा, थे नवीन आहे, तिले अजून नीट जमत नाही. थे लबाड आहे, नुसती मागं मागं फिरते, जात कुठीच नाही."

संध्याकाळी गोविंदाभाऊ आले. नळावर हातपाय, तोंड, डोकं सगळं धुतलं, आणि चहाचा कप घेऊन भिंतीशी येऊन बसले. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिवसभराचं तपासत होतो. ते वाकून पाहायले लागले. मले बरं वाटलं, निदान एक प्रेक्षक मिळाला. मॅडमनं त्यायलेही समजावलं.

"काका, ही बघा, आज बहुतेक सगळ्या हाच नाच करतायत. नाल्याच्या पलीकडे, साधारण दीड किलोमीटरवर. तिकडं कोणाचा बगीचा आहे?"

गोविंदाभाऊनं स्क्रीनवरून नजर काढली. मग अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून बाहेर गेले. यमुताई म्हणाली, "त्यायले नाही आवडत असं. मीच सांगतो तुमाले. नाल्यापलीकडं एक मोठा बगीचा आहे, मालक नागपूरले राहते, इथी मजूरच पाहतात सगळं." आणि मग कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे रुपराव नाही? अगं माय! सिंधूच्या हळदीकुंकवाले गेली नाही मी!"

मी म्हणलं, आता नवराबायको दोघायचीही माफी मागा. माझ्या कानाचीही मागा.

सकाळी आम्ही तिघं निघालो. माझा कॅमेरा मी सोबत घेतला, मॅडमच म्हणाल्या की पुरावा लागेल. नाला ओलांडला आणि पंपाची फटफट कानावर आली. ट्रॅक्टरवरचा पंप. झाडं फुलानं पांढरी झालेली, वास असा की पोट भरावं, आणि त्या वासात दुसरा एक वास मिसळलेला, जो घशात जाऊन बसते. वर माश्यांचा गुणगुणाट. दोन ओळी पलीकडं एक माणूस, डोक्याले आणि नाकातोंडाले दुपट्टा गुंडाळलेला, अंगावरचे कपडे ओले, आमच्याकडं पाठ करून फुलावर फवारा मारून राहिला होता.

यमुताईनं लुगड्याचा काठ खोचला आणि जी सुटली!

"ए मुडद्या! बंद कर थे! डोळे फुटले का तुये, फुलं दिसत नाही तुले? महिनाभर माया जिवाले घोर लावला तुनं!"

पंपाच्या आवाजात त्याले काय ऐकू जाते. तिनं ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते झाडाले लागलं. मग ती अजून पुढं गेली.

"कोण्या बाईनं रे, कोण्या बाईनं पहाटे उठून भाकरी बांधून देल्ली तुले या धंद्याले? लाज नाही वाटली का तिले? विचारत नाही का तुले, कुठी जातं, काय करतं म्हून?"

दुसरं ढेकूळ त्याच्या पाठीत बसलं. माणूस वळला. दुपट्टा खाली ओढला. गोविंदाभाऊ.

मागच्या फांदीले डब्याची पिशवी लटकलेली होती. सहा वाजता मी ओट्यावर चहा पीत असताना यमुताईनंच ती त्यायच्या हातात देल्ली होती.

त्यायनं पंप बंद केला. इतकं शांत झालं की माश्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मॅडम काहीतरी बोलायले गेल्या, मी त्यायले हातानं थांबवलं.

"मले वाटलं नाही वं," गोविंदाभाऊ म्हणाले, "इतक्या दूर येत असन म्हून."

"कवा समजलं?"

"काल. थ्या कॅमेऱ्यात." मग खाली पाहिलं. "नाही. शंका आंधीच आली होती. काचेची पेटी आली तवाच."

"मंग सांगितलं काहून नाही जी?"

त्यायनं हातातल्या पाइपाचं तोंड दुपट्ट्यानं पुसायले घेतलं. अहो, मले तर तिथंच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मॅडमचे सूर्याचे कोन, माझा सुजलेला कान, गेलेलं बारसं, कोळशाची खाण, रुपरावसोबतचं भांडण, एवढा सारा तमाशा, आणि उत्तर रोज संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुऊन, चहा पिऊन, भिंतीले टेकून बसत होतं! एक वाक्य लागत होतं. एक!

मले वाटलं यमुताई आता त्या माणसाले सोलते. पण ती धुऱ्याच्या बांधावर खाली बसली.

"माया पोट्ट्या मराले आल्या तरी घरी येऊन सांगतात जी, कुठी गेल्या होत्या म्हून," ती म्हणाली. "त्यायले तर बोलताही येत नाही." आणि तोंडाले पदर लावून रडायले लागली. तिले रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. प्रीतीच्या पाठवणीलेही नव्हती रडली, तेव्हा बसवाल्यासोबत भांडून राहिली होती. गोविंदाभाऊ हातात पाइप धरून तसेच उभे. मी काही शूट केलं नाही. मॅडमनंही म्हणलं नाही.

मॅडमनं मग काय करायचं ते सांगितलं, आणि ते इतकं सोपं होतं की मले परत राग आला. मालकाले फोन करून संध्याकाळी फवारा मारायले सांगायचं, ते तो ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर ज्या दिवशी सकाळी फवारणी, त्याच्या आदल्या संध्याकाळी माश्या घरी आल्या की पेट्यांच्या तोंडाले जाळी लावायची, ओलं गोणपाट टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यायले आतच ठेवायचं. "म्हणजे काका, तुम्ही फक्त आदल्या दिवशी सांगायचं, उद्या कुठे ते."

संध्याकाळी जेवायले बसलो. यमुताईनं वाढलं, पण शब्द नाही. तिच्या घरात शब्दाविना जेवण म्हणजे मीठ नसल्यासारखं. मॅडम ताटाकडं पाहत होत्या. गोविंदाभाऊनं भाकरीचा तुकडा मोडला, तसाच धरून ठेवला, आणि म्हणाले, "उद्या रुपरावच्या बगीच्यात आहे. सकाळी. फुलावर नाही, खाली तण मारायचं आहे."

यमुताईचा हात थांबला.

"अन् परवा?"

"परवा नाल्यापलीकडं. राहिलेलं."

"कोणतं औषध?"

त्यायनं नाव सांगितलं. ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. कोण्या मालकाकडं कोणतं, किती पाण्यात किती, हातमोजे देतात का, नाही देत. तोंडाले बांधायले काही देतात का, नाही, हा दुपट्टाच. एवढं बोलताना मी त्या माणसाले कधी ऐकलं नव्हतं. माझ्या ताटातली भाजी केव्हाच संपली होती, कोणाचं लक्ष नव्हतं.

"अन् तुमाले?" यमुताईनं विचारलं. "तुमाले काही होत नाही का थ्यानं?"

गोविंदाभाऊनं भाकरी खाली ठेवली.

"हात थरथरते," म्हणाले. "सकाळी बटण लागत नाही. डोळ्यापुढं धुरकट दिसते."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

तिनं त्यायचा हात ताटावरून उचलून आपल्या हातात घेतला. तो खरंच थरथरत होता, आमच्या सगळ्यांसमोर. त्या माघात रोज ती पेटीसमोर बसून एकेक माशी कशी थरथरते ते पाहत होती, आम्हाले बोट लावून दाखवत होती. ती तो हात पाहत राहिली.

मग म्हणाली, "उद्या बगीचा नाही. परवा बी नाही. उद्या नागपूर. मोठ्या दवाखान्यात. भाऊची गाडी आहेच."

गाडी आहेच! मले कोणी विचारलं? माझं दुसऱ्या दिवशी उमरेडले लग्न होतं, पाहुणे सातशे, ड्रोनसुद्धा ठरलेला. मी हात धुतला, ओट्यावर आलो, पुतण्याले फोन लावला. तो बोंबलला, काका, तुम्ही नसले तर मी एकटा कसं करू? मी त्याले दोन शिव्या हासडल्या, आणि हेही सांगितलं की पंगतीत कोणाले कापू नको. आणि आत जाऊन यमुताईले म्हणलं, "साडेसहाले तयार राहा दोघंही. मले उशीर चालत नाही."